समोरचा वारा

प्रिंटर बिघडला नसता, तर तो वर आलाच नसता.

खाली वैमानिकांच्या खोलीत मार्गाचा कागद निघेना, म्हणून दोन-दोन पायऱ्या चढत तो विमानांचे मार्ग आखणाऱ्यांच्या खोलीत शिरला आणि नेमका तिच्याच टेबलापुढे उभा राहिला. वर्षभर दोघं बोलत होती ती फक्त फोनवर. महासागरापलीकडच्या विमानतळाचा मार्ग ती आखायची, कॅप्टनच्या शेजारी बसून विमान तो न्यायचा.

"वाराबाई तुम्हीच ना?"

तो आवाज! तिने झटकन मान वर केली. हे नाव त्यानेच ठेवलेलं. पोचायला किती वेळ, असं विचारलं की ती म्हणायची, वाऱ्याला विचारा.

"मग? आज काय म्हणतोय तुमचा वारा?"

"समोरून आहे. जाताना नऊ तास... येताना साडेसात."

"येताना मी नसेन बहुतेक." तिने दिलेल्या कागदाकडे बघत तो म्हणाला. "तिकडे बदली मिळतेय. उतरलो की सही करायची."

तिला म्हणायचं होतं वेगळंच. तोंडाने मात्र ती "अभिनंदन" म्हणाली. असं वेळेला दगा देणारं तोंड देवाने दुसऱ्या कुणाला देऊ नये!

त्याचं बोट कागदावर थांबलं. "पलीकडे आभाळ निरभ्र आहे. मग हे जादा इंधन कशाला लिहिता? दर वेळी माझ्याच विमानात असतं. कॅप्टन कारण विचारतात, मी काय सांगू?"

चोरी पकडली गेली होती. खालच्या मानेने ती पुटपुटली, "काळजी वाटते."

"विमानाची?"

"विमानाची कशाला वाटेल!" आता बांध फुटलाच. "तुम्ही जाऊ नका. म्हणजे... आज जा, पण परत या. मला तुम्ही इथे हवे आहात."

तो काही बोलणार, एवढ्यात खालून कॅप्टनचा फोन आला. दारात तो वळला.

"जिथून पुढे जायला नि मागे फिरायला सारखाच वेळ लागतो ना, त्या टप्प्यावर कळवतो."

"आणि नाही कळवलं तर?"

"तर समजा..." आणि तो दोन-दोन पायऱ्या उतरत गेला.

तो टप्पा तिनेच सकाळी नकाशावर आखला होता. पडद्यावरचं विमान मुंगीच्या पावलाने तिथवर आलं. विमान टप्पा ओलांडून पुढे गेलं... संदेश नाही. तिचे डोळे भरून आले.

"रडतेस काय?" खोलीतले सगळ्यांत जुने, सगळे ज्यांना आजोबा म्हणत, ते शेजारून खेकसले. "सकाळचाच वारा धरून बसलीयेस! समोरचा वारा वाढलाय बघ. पुढची वाट लांबली, मागची आखडली. तुझा टप्पा पुढे सरकला, पोरी. अजून घरच जवळ आहे त्याला."

वर्षभर वारा वाचणारी ती, आणि आजच तिचं भान सुटलं होतं!

तिने नवं गणित मांडलं. आकडे दोनदा चुकले. विमान नव्या टप्प्याला टेकलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

"वारा फार. उशीर होईल. सही करत नाही. परतीची वाट तूच आख."

तू! ती ते एवढंसं अक्षर बघतच राहिली.

"आम्हीही वाचलं हो," मागून आजोबा म्हणाले. सगळी खोली हसली. तिने लाजून पडदा झाकायला हात नेला, मग झाकलाच नाही.

मार्ग आखणाऱ्याने वैमानिकाला घाई करायला सांगायचं नसतं, हा तिथला पहिला धडा. तिने तो मोडला.

"लवकर ये," तिने लिहिलं.