सोनपुठ्ठीचं दूध

त्या संध्याकाळी मी सोनपुठ्ठी साफ करायला बसले होते. लांब नाकाचा, मागून सोन्यासारखा पिवळा जीव, मांजरीच्या पिल्लाएवढा. माझ्या नवऱ्याने, काइंगूने, जंगलात फास लावून धरलेला. पोट चिरताना बोटांना ओलं लागलं. रक्त नव्हतं. दूध होतं.

मी कोणाला बोलले नाही. सिदी माझी दीड महिन्याची, तिला पाजायचं तर मला खायला हवंच. सासूबाईंनी सिमावर, मक्याच्या पिठाच्या घट्ट शिजवलेल्या गोळ्यावर, रस्सा ओतला. आम्ही हाडंसुद्धा चोखली.

दुसऱ्या दिवसापासून सिदी अंगावर पिईना. छाती दगडासारखी भरलेली आणि पोर तोंड फिरवतेय.

"अहो, तो फास काढलात का?"

"वेडी का तू? त्यांची जोडी जन्माची. एक गेला की दुसरा त्याच वाटेने शोधत येतो. त्याला सोडू होय?"

तिसऱ्या दिवशी भर दुपारी सिदीला पाठीशी बांधून मी फास तोडायला निघाले. वाटेत चुलतदीर कारिसा भेटला. जंगलातले प्राणी मोजायची नोकरी आहे त्याला.

"वहिनी, कुठे सोनपुठ्ठीसाठी लावलेला फास दिसला तर सांगा हं. जगात हा प्राणी आपल्याच पट्ट्यात उरलाय."

"आणि माझी सिदी किती पट्ट्यांत उरलीय, भाऊजी? तिला मोजायला कोण येतं?"

तो ओशाळून हसला.

फास मी तोडला. पलीकडे पानांचा ढीग होता, त्यांचं घरटं. एकही पाखरू बोलत नव्हतं. फक्त टप... टप... टप... कोरड्या पानांवर शेपूट आपटल्यासारखं. दिसत कोणीच नव्हतं.

मी पानं बाजूला केली. आत एक पिल्लू. थंड. नाकाला मुंग्या लागलेल्या.

माझी छाती आपोआप वाहू लागली. दूध त्याच्यावर गळलं. टपटप थांबली... आणि पाठीवर सिदी भुकेने रडली. तिथेच मांडी घालून मी तिला पाजलं.

तेव्हापासून रोज पहाटे मी सिदीला जवळ घेते तर डावी बाजू आधीच रिकामी. बोंडावर सुईच्या टोकाएवढ्या दातांच्या खुणा. सिदीला अजून दात नाहीत.

सासूबाई म्हणाल्या, "दूध आटतंय हिचं. मांस घाला."

परवा काइंगूने त्याच वाटेवर नवा फास लावला. काल जोडीतला दुसरा सापडला. माझ्या ताटात वाढला. मी खाल्ला... दूध यावं म्हणून.

आज पहाटे दोन्ही बाजू कोरड्या होत्या, दोन्ही बोंडांवर दातांच्या खुणा.