दार न काढलेली खोली

कोसाडच्या वसाहतीत पाण्याच्या टाकीमागे थोडी मोकळी जागा आहे. संक्रांतीचं उत्तरायण होऊन गेलं होतं, तरी तिथल्या बाभळीवर फाटके पतंग अजून फडफडत होते. त्या रविवारी दुपारी सुकलाल तिथे नातीला घर आखून देत होते. कापड रंगवायच्या डाइंग मिलमधून निवृत्त झालेला माणूस, घरी दोन खोल्यांत सहा माणसं. नात म्हणाली, मोठं घर काढू या. नाही कोण म्हणणार?

पल्लवी पाचवीत होती. आजोबांना ती बाबा म्हणे. त्यांच्या मोबाइलवर ती घरांचे अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ बघत असे. खिडकी कुठे ठेवली की वारा खेळतो, पायरी केवढी असली की म्हाताऱ्यांचे गुडघे दुखत नाहीत, सगळं तोंडपाठ. शिकवणाऱ्या बाईचा चेहरा कधी दिसत नसे. फक्त हात आणि कागद.

"बाबा, नकाशा म्हणजे काय?"

"घराचा फोटो."

"ना, बाबा! घर कमरेच्या उंचीवर कापायचं अन् वरून बघायचं."

"मंग तुना बाप कोठे झोपी?"

पल्लवी खदखदून हसली.

नव्या व्हिडिओत त्या हातांनी एक घर काढलं होतं आणि सांगितलं होतं, हे जमिनीवर खऱ्या मापाने आखा, आत फिरून बघा. म्हणून सुकलालांनी भोकं पाडलेल्या डब्यात चुना भरून आणला होता. पल्लवी मोबाइल बघून सांगत होती, ते कंबर धरून रेघा ओढत होते. पुढचं दार झालं, बैठक झाली, स्वयंपाकघर झालं. शेवटची राहिली कोपऱ्यातली खोली. पल्लवी तिच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"हिचं दार कोणत्या बाजूला?" सुकलालांनी विचारलं.

"ते काढायच्या आतच व्हिडिओ संपतो, बाबा. पुन्हा पहिल्यापासून लागतो."

"मग राहू दे." त्यांनी चौथी रेघ नेऊन पहिलीला मिळवली.

पल्लवी काहीतरी बोलली. आवाज शेजारच्या बिऱ्हाडातून यावा तसा आला. सुकलालांनी कानात करंगळी फिरवली. आयुष्य यंत्रांच्या खडखडाटात गेलेलं. कान दगा देणारच.

तेवढ्यात वारा सुटला. चुना उडून त्यांच्या पायजम्यावर बसला. बाभळीवरचे कागद सळसळले. पल्लवीच्या वेणीची रिबीन मात्र हलली नाही. फ्रॉकची कडसुद्धा हलली नाही.

"चाल वं, घर जाऊत."

ती रेघेपाशी आली आणि थांबली. दोन्ही हात पुढे केले. तळवे हवेत सपाट झाले, काचेवर दाबावेत तशी बोटांची टोकं पांढरी पडली.

"पुरे नाटक," सुकलाल म्हणाले.

पल्लवी रडत होती. रडण्याचा आवाज येत नव्हता.

त्यांनी हात पुढे केला. रेघेच्या वर बोटांना गिलावा लागला. खरबरीत, गार, थोडा ओलसर.

ते गुडघ्यांवर बसले आणि तळहाताने चुना पुसू लागले.

"नका पुसू!" आवाज लांबून आला. "दाराची फळीही आखावी लागते, बाबा. नुसती रेघ पुसली तर दार उघडंच राहतं. लावता येत नाही."

"तू आधी बाहेर ये."

हातभर रेघ पुसली गेली. पल्लवी त्या जागेतून धावत आली आणि त्यांना बिलगली. तिचे हात बर्फासारखे होते.

"लावा, बाबा. लवकर लावा."

"आता कशाला? तू आलीस ना?"

"मी एकटी नव्हते."

सुकलालांनी तिला पाठीमागे घेतलं. डब्याचं झाकण काढून उरलेला सगळा चुना त्या मोकळ्या जागेवर ओतला.

चुना जमिनीपर्यंत पोचला नाही. थोडा वरच साचत गेला, हळूहळू, दोन पावलांच्या आकारात.

बोटं बाहेरच्या बाजूला होती.