कुठलं इंजेक्शन, ते सांगायचं नाही

"मावशी, जरा याला धरा!"

ती दचकली. ड्यूटी संपवून, साध्या कपड्यांत, सकाळच्या पोराला बघायला ती वॉर्डात डोकावली होती. पलंगाशी उकिडवा बसलेला एक तरुण डॉक्टर त्या एवढ्याशा पोराची पावलं चोळत होता.

"मी मावशी नाही. याला भूल मीच दिली आहे."

तो कानापर्यंत लाल झाला... पण पावलं सोडली नाहीत. "मग बरं झालं. तुमच्याशीच भांडायचं होतं."

"दुखतंय त्याला?"

"काही दुखत नाही. पाय हलत नाहीत म्हणून घाबरून रडतोय. याला कसं समजावू, की बाळा, थोड्या वेळानं येतील तुझे पाय परत?"

पोराची लघवीची वाट दुरुस्त केली होती. अशा ऑपरेशनला मूल झोपलं, की माकडहाडापाशी एक इंजेक्शन द्यायचं आणि कमरेखाली बधिर करायचं, ही तिथली रीत. दुसरा मार्ग तिला ठाऊक होता. सोनोग्राफीत बघून दोन्ही बाजूंची, फक्त त्या जागेला जाणारी नस बधिर करायची. पाय मोकळे राहतात.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातली सगळी गोष्ट सांगून, दुसरा मार्ग वापरू द्या म्हणत ती भूल विभागाच्या मोठ्या सरांसमोर उभी राहिली.

"माझे केस पांढरे झाले माकडहाडाच्या इंजेक्शनवर," सर म्हणाले.

"तुमचे केस पांढरे झाले म्हणून पोरं रडायची थांबली नाहीत, सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ठीक आहे. आईबापांना विचारून, निम्म्या मुलांना हे, निम्म्यांना ते. पट्टी सगळ्यांना दोन्ही जागी. पाय सिस्टर तपासतील, पांघरुणाखाली. दुखणं तो वॉर्डातला डॉक्टर मोजेल, आणि कुठलं इंजेक्शन दिलं ते त्याला कळता कामा नये. निकाल लागेपर्यंत तुम्ही दोघं बोलायचं नाही. आणि तुझं इंजेक्शन हरलं, तर हा विषय कायमचा बंद."

"हरणार नाही."

झालं! बोलणं बंद. एकदा लिफ्टमध्ये दोघंच सापडले. तो छताकडे बघत, जणू दिव्याशी बोलावं तसा म्हणाला, "बोलायचं नाही असं ठरलंय. बघायचं नाही, असं कुठं ठरलंय?"

ती हसली नाही. म्हणजे, ती उतरून मागे दार बंद होईपर्यंत तरी नाही. मग मात्र ऑपरेशन थिएटरपर्यंत हसतच गेली.

कॅन्टीनमधली खिडकीजवळची खुर्ची तिच्यासाठी रिकामी राहू लागली. वॉर्डावरून जाताना ती उगाचच वेणी पुढे घेऊ लागली.

"कुणी आहे का गं?" आईनं फोनवर विचारलं.

"आहे. पण बोलत नाही."

"मुका आहे?"

"नाही गं, नियम आहे."

"असला कसला मेला नियम! तुझे बाबा तर माझ्याशी बोलायला कुणाचं ऐकायचे नाहीत."

शेवटी निकालाची बैठक आली. कुणाला कुठलं इंजेक्शन, त्या बंद चिठ्ठ्या उघडल्या होत्या. तो उभा राहून वाचू लागला. नव्या इंजेक्शनाची मुलं जास्त वेळ शांत राहिली. जागी झाल्याझाल्या ती पाय हलवत होती. तिनं श्वास सोडला...

"पण," तो थांबला. तिच्याकडे बघितलं नाही. "त्यातल्या काही मुलांना एक बाजू बधिर झालीच नाही. ती फार रडली. त्यांना दुसरं औषध द्यावं लागलं."

लपवू शकला असता तो. लपवलं नाही.

सर खुर्चीत मागे रेलले. "आणि बाकीचं चांगलं निघालं, ते खरं कशावरून? सगळा दवाखाना म्हणतोय, तुमच्या दोघांचं काहीतरी आहे."

ती ताडकन उठली. "काही नव्हतं सर. तुम्ही बोलूच दिलं नाहीत! माझी फजिती यांनी माझ्यासमोर, सगळ्यांसमोर वाचली. एवढा खरा माणूस मी सोडणार नाही. आजपासून आमचं आहे. आणि त्याला तुमची परवानगी लागत नाही."

कुणीतरी खोकलं.

"आणि एक बाजू हुकली ती माझ्या हाताची चूक. हात मी सुधारेन. पण सोमवारी माझ्या टेबलावर नवंच इंजेक्शन."

सरांनी समोरची वही मिटली. "सोमवारी मी शेजारी उभा राहणार."

"राहा ना, सर."

तो अजून कागद धरून उभाच होता. "अहो... पण मला कुणी विचारलं का?"

"विचारायला तोंड कुठं उघडू दिलं होतं? आता विचारते. हो की नाही?"

खोलीतल्या सगळ्यांनी कान टवकारले.

"हो!" तो इतक्या मोठ्यानं म्हणाला, की बाहेरून सिस्टर धावत आल्या, काय झालं म्हणून.