अकरावा हात

ताईचं काम एकच. हात मोजायचे.

गंभीर जखमींवर पहिल्या तासात कोण, कधी, काय करतं, यावर इस्पितळातल्या डॉक्टर सरांचं संशोधन चाललं होतं. उपचाराच्या खोलीत छताला कॅमेरा, शेजारच्या खोलीत पडद्यासमोर ताई. दर दहा सेकंदांनी चित्र थांबवायचं, जखमीच्या भोवतीचे हात मोजायचे, तक्त्यात लिहायचे. माणसं पाच, हात दहा. कामाला डोकं लागायचं नाही, डोळे मात्र फुटायचे.

त्या सकाळी डबा उघडताना तिचं बोट कापलं. धाकट्या भावानं, बारक्यानं, त्यावर निळी पट्टी चिकटवली.

"जगाचे हात मोजतेस, आणि स्वतःचा एक सांभाळता येत नाही!"

"तोंड आवर आणि हेल्मेट घाल."

हसायला तिला आजकाल जडच जायचं. सात जखमींच्या चित्रणात अकरा हात भरले होते. अकरावा हातमोज्याशिवायचा, धूसर, कडेनं येऊन कपाळावर टेकलेला. नुसता टेकलेला. ते सातही जण वाचतील अशी सगळ्यांना खात्री होती. सातही गेले.

"सावली असेल गं," सर म्हणाले होते. "दहाच लिही."

तिनं सातही वेळा दहाच लिहिले.

दुपारी स्ट्रेचर धडधडत आत गेलं. पडद्यावर कात्री शर्ट कापत होती. तो शर्ट सकाळी ताईनंच इस्त्री केला होता.

ती धावली. वॉर्डबॉय मामांनी दार अडवलं. "घरच्यांनी आत यायचं नाही. नियम ठाऊक आहे ना तुला? बस जा, पोरी."

ती पडद्यासमोर येऊन बसली. दुसरं काही येत नव्हतं, म्हणून मोजायला लागली.

दहा.

पुन्हा दहा.

अकरा.

हात कपाळावर होता. या वेळी स्पष्ट दिसत होता. त्याच्या बोटाला निळी पट्टी होती.

ताईनं खाली पाहिलं. तिचा हात टेबलावर होता, पालथा.

तळव्याला ओले केस लागत होते. खाली कपाळ. गार पडत चाललेलं.

तिनं हात ओढला. काखेत घट्ट दाबून धरला.

पडद्यावर दहा.

भिंतीपलीकडून कुणीतरी ओरडलं, "नाडी लागली!"

तिसऱ्या दिवशी बारक्या बोलायला लागला. आधी पाणी मागितलं. मग बराच वेळ तो ताईच्या बोटावरच्या पट्टीकडे बघत राहिला.

"ताई, मधेच हात का काढून घेतलास गं?"

तिनं तो हात पाठीमागे नेला. "का? दुखलं का तुला?"

"मला नाही. तिकडे सात जण बसलेत ना, ते विचारत होते." त्यानं डोळे मिटले. "म्हणाले, आमच्या वेळी नाही काढला."