एका हाताची गाडी

रिठदमध्ये जगदेवच्या जीपला सगळे ‘एका हाताची गाडी’ म्हणत. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारे हे शब्द कौतुकाने वापरतात. एकाच माणसाने जपून चालवलेली, तेव्हा डोळे झाकून घ्या, असा त्यांचा अर्थ. या जीपच्या बाबतीत मात्र तो नेमका उलटा होता. पेट्रोलवर चालणारी ती म्हातारी जीप जगदेवशिवाय कुणाच्या बापाला दाद देत नसे. चोक किती ओढायचा, पाय केव्हा मारायचा, मग किती दम खायचा, हे त्याचं त्यालाच ठाऊक. दुसरं कुणी बसलं की कार्बोरेटर पेट्रोल पिऊन एक ढेकर द्यायचा आणि गप्प व्हायचा.

रोज सकाळी मागे वांगी-भेंडीची पोती, शेजारच्या सीटवर मांडीत सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, टोपली घेतलेली त्याची बायको गोजराबाई, आणि जगदेव चालला रिसोडच्या बाजाराला. असं कितीतरी वर्षं चाललं. मग एका उन्हाळ्यात जगदेवच्या छातीत दुखलं आणि तो गेला. जीप गोठ्यात उभी राहिली. तिच्या अंगावर रिकामी पोती पडली आणि बॉनेटवर कोंबड्यांनी आपली बैठक मांडली.

यंदाच्या श्रावणात जगदेवची मुलगी तनुजा पुण्याहून आली ती एक जड खोकं घेऊनच. पुण्यात ती इंजिनं जुळवण्याचं काम करत असे. मीटर दाखवील ते खरं आणि बाकी सगळ्या गप्पा, हा तिचा स्वभाव. तो तिच्या कामाला शोभायचा, पण घरात त्यावरून तिची बरीच थट्टा व्हायची. सुट्टी टाकून ती आली, कारण आईचा फोनच तसा होता.

“तनू, मले गाडी शिकव,” गोजराबाई म्हणाली होती. “पिकअपवाला येते त्याच्या मर्जीनं. तोवर माह्या पालकाच्या माना पडतात. मी माह्या हातानं माल नेतो बाजारात.”

दुसरंही एक कारण होतं, ते गोजराबाईने फोनवर सांगितलं नव्हतं. वाशीम रस्त्यावरच्या एका धाब्याच्या मालकाला ही जीप हवी होती. दारासमोर चौथऱ्यावर उभी करून तो तिच्यात फुलझाडं लावणार होता. जगदेवचे थोरले भाऊ पुंजाजी त्याला जवळजवळ हो म्हणून बसले होते. माणूस मायाळू, पण भावजय साठीला आलेली, आणि ती जीप घेऊन कुठे विहिरीत गेली तर, ही धास्ती त्यांना खात होती. शेवटी तनुजाने हट्ट धरला तेव्हा ते म्हणाले, “बरं. पोळ्याच्या दिवशी गोजराबाईनं ही गाडी सोता चालवत तोरणाखाली आनली, तर म्या धाब्यावाल्याले नाई म्हनतो. नाई आनली, तर मंग त्यात झेंडू लागन.”

गोजराबाईने पदर खोचला आणि आधी कोंबड्या हाकलल्या.

जगदेवचा जुना दोस्त मदनसिंग रिसोडहून वेल्डिंगचं सामान घेऊन आला. कार्बोरेटर काढून त्याच्या जागी पेट्रोल इंजेक्शनचं यंत्र बसवायचं होतं. तनुजाने आईला समजावलं, “माय, कार्बोरेटर अंदाजानं पेट्रोल पाजते. हे मोजून पाजते. सायलेन्सरच्या पाइपात एक सेन्सर बसोला, तो धूर हुंगते अन् सांगते, जास्त झालं, कमी झालं. चोक नाई, पाय मारनं नाई. किल्ली फिरवली का चालू. अन् हे शिकतेबी. जो चालवन त्याचा पाय वळखाले लागते.”

“म्हंजे कोनाचाबी हात चालन?”

“कोनाचाबी.”

हे ऐकून गोजराबाई खूश व्हायला हवी होती. ती कार्बोरेटरकडेच बघत राहिली. पंधरवड्याला एकदा जगदेव तो खोलून पेट्रोलने धुवायचा, स्क्रू पाव पाव फिरवायचा, कान लावून ऐकायचा. “त्याचा हात हाय वं त्याच्यात,” ती म्हणाली. मग तिने तो राखेने घासून लख्ख केला आणि स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवून दिला. डॅशबोर्डवरचा चोकचा खटकाही तिने काढू दिला नाही. “राहू दे. नाकातली नथ काढल्यावानी दिसन.”

तनुजाने खटका ठेवला, पण त्याची तार मागून कापून टाकली. कापलेला तुकडा तिने स्वतः भंगारात फेकला.

टाकीजवळ नवा पंप बसला, पाइप बदलले, वायरी जोडल्या गेल्या. एका सकाळी सगळं तयार झालं आणि गोजराबाईने नारळ फोडून किल्ली फिरवली. पंप क्षणभर गुणगुणला आणि इंजिन पहिल्या झटक्याला सुरू! मदनसिंगने पाना हातात घेऊनच नाचायला सुरुवात केली. “वैनी, गाडी नाई, ही तर नवरी झाली!” पुंजाजी दारात हसत उभे राहिले आणि मग आपण हसतोय हे लक्षात येऊन खाकरले.

इंजिन गरम झालं आणि आवाज हळूहळू खाली बसला. तनुजाचा हात लॅपटॉपवर थांबला.

आवाज लंगडत होता. डुगडुगडुग करत मध्येच एक घोट गिळायचा, आणि पुन्हा डुगडुगडुग. लहानपणी तिला सकाळी जाग यायची ती याच आवाजाने. पण ती खोड कार्बोरेटरची होती, त्याच्या आतल्या झिजलेल्या दांडीची, आणि कार्बोरेटर तर लोणच्याशेजारी होता. तिने पडद्यावर पाहिलं. इंजिनाच्या फेऱ्यांची रेघ सरळ होती, कुठे केसाएवढाही खळगा नव्हता. तिने इंजिन बंद केलं, पुन्हा चालू केलं. रेघ सरळ आणि आवाज लंगडा.

“आयकलं?” गोजराबाईच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं होतं.

“इंजिनाखालचं माउंटिंगचं रबर गेलं असन,” तनुजा म्हणाली. तिने रबरं तपासली. ती चांगली होती.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. गोजराबाई सीटवर उशी घेऊन बसायची. क्लच, ब्रेक, रस्त्यातली म्हैस, सगळं तिला झटपट जमलं. एकच गोष्ट जमेना. गिअर टाकायला तिचा डावा हात स्टेअरिंगवरून सुटेना. गाडी हलली की ती दोन्ही हातांनी चाक असं घट्ट धरायची की बोटं पांढरी पडायची.

“माय, एक हात सोड.”

“सोडला तं मी पडन.”

“कुठं पडशीन? बसली हायस न तू!”

“तूच टाक बाई गेर. मी पाय दाबतो, तू टाक.”

आणि खरोखर तसंच चाललं. आई क्लच दाबायची, शेजारी बसलेली तनुजा दांडा ओढायची. जुना गिअरबॉक्स मोठा अडेल. मध्ये क्षणभर दांडा मोकळा ठेवून मग अलगद टाकावा लागे, नाही तर दात खायचा. तनुजाकडून तो रोज दात खायचा. दोघी हसून हसून बेजार व्हायच्या, आणि सोयाबीन निंदणाऱ्या बाया उभ्या राहून बघायच्या. इतकं हसू त्या घरात बऱ्याच दिवसांनी आलं होतं. मनातून मात्र तनुजा धास्तावली होती. पोळा जवळ आला होता आणि आईचा हात सुटत नव्हता.

सकाळी गोठ्यात जावं तर चोकचा खटका अर्धा बाहेर आलेला असायचा. तनुजा तो आत ढकलायची. दुसऱ्या सकाळी पुन्हा बाहेर. नेहमी अर्धाच.

“कोंबड्या असतीन,” ती म्हणाली.

“हो, कोंबड्याच,” गोजराबाई मान हलवून म्हणाली आणि पदराआड हसली. “गार सकाळ राह्यली का अर्धा लागतेच त्याले.”

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी झाली. गोजराबाईने पुंजाजींच्या बैलजोडीच्या खांद्यांना पळसाच्या पानाने कोमट तूप-हळद चोळली आणि रीतीप्रमाणे आमंत्रण दिलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” मग उरलेली हळद घेऊन ती जीपकडे वळली. दोन्ही मडगार्डांना तिने बैलांच्या खांद्यांसारखीच हळद लावली. बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

पुंजाजी खो खो हसले. “गोजराबाई, अवं बैल दोन हायेत म्हनून ‘घ्या’ न ‘या’! जीप तं एकच हाय. तिले ‘ये’ म्हना!”

गोजराबाईने जीभ चावली. ‘घ्या’, ‘या’. असा मान देऊन ती आयुष्यभर रोज एकाच माणसाला जेवायला बोलवत आली होती. सगळे हसत होते. तीही हसली, पण आपले शब्द काही तिने मागे घेतले नाहीत.

पोळ्याला जीप बैलापेक्षा नटली. बेगड, झूल, पुठ्ठ्याची शिंगं आणि मदनसिंगने आणलेली घुंगरमाळ. पुंजाजींनी बजावलं, “तनुजा मांगं बसन. शेजारी बसून गेर टाकनं चालनार नाई.” तनुजाने आईच्या कानात सांगितलं, “पयल्या गेरातच जा, पयल्यातच ये. बदलू नको.” शेजारच्या सीटवर गोजराबाईने पुरणपोळीचं ताट ठेवलं. वर पळसाच्या पानांची पत्रावळ झाकली.

“हे कायले?”

“आवतन देल्लं न बाई म्या. पंगत नको का वाढाले?”

गोजराबाईने किल्ली फिरवली. पंप गुणगुणला आणि इंजिनाने एक ढेकर दिला. बंद.

पुन्हा किल्ली. पुन्हा ढेकर.

दारासमोर गर्दी झाली होती. तनुजाने मागच्या बाकावर मांडीवरच्या लॅपटॉपचा पडदा पाहिला. बॅटरी ठीक, पेट्रोल ठीक, सगळं हिरवं. असं यंत्र बंद पडायला कारणच नसतं. ढेकर द्यायला तर नसतंच नसतं. पुंजाजींचा चेहरा उतरला. त्यांनाही ती चालायला हवी होती, हे त्या क्षणी सगळ्यांना दिसलं.

गोजराबाईने दोन्ही हात चाकावर ठेवले आणि वाट पाहिली. जगदेव जेवढा दम खायचा तेवढाच.

खटका अर्धा बाहेर आलेला होता. मघाशी तनुजाने तो आत ढकलला होता.

तिसऱ्या किल्लीला जीप सुरू झाली. डुगडुगडुग, घोट, डुगडुगडुग.

मग जो जल्लोष झाला! मारोतीच्या देवळासमोर ढोल वाजत होते. जीप पहिल्या गिअरमध्ये घुंगरं वाजवत बैलांच्या ओळीत येऊन तोरणाखाली थांबली, आणि गर्दीतून कुणीतरी झडती, म्हणजे पोळ्याचं जुळवलेलं गाणं, म्हटली:

“बैलाले बांधले घुंगरू, जीपीले लावले शिंग
बाई चालवते गाडी, अन् बाप्ये पाहून दंग!”

“हर बोला हर हर महादेव!” सगळ्या गावाने आरोळी दिली. पुंजाजींनी डोळे पुसले आणि फोन काढला. “धाब्यावाल्या, झेंडूले दुसरी कुंडी पाह्य बाबू!” तनुजाला आईला मिठी मारावीशी वाटली, पण मध्ये सीटची पाठ होती. तोरण तुटलं. पोळा फुटला. बैल उधळत घरांकडे निघाले.

गोजराबाईने मात्र जीप घराकडे वळवली नाही. ती मळ्याच्या मोकळ्या रस्त्याला लागली.

“माय, कुठं?”

“एक चक्कर!” ती वाऱ्यात ओरडली. साठ वर्षांच्या बाईचा आवाज सोळाव्या वर्षीचा झाला होता.

रस्ता उतरता होता. पहिल्या गिअरमध्ये इंजिन ओरडायला लागलं.

एका खड्ड्यात सगळं उडालं. पुठ्ठ्याचं एक शिंग गेलं, लॅपटॉप तनुजाच्या हातातून सुटला, ती स्वतः बाकावरून वीतभर उडाली.

ताट हललं नाही. मांडीत धरल्यासारखं ते जिथल्या तिथे होतं. झाकणाची पत्रावळ नीट दुमडून बाजूला ठेवलेली होती.

गोजराबाईने क्लच दाबला.

“माय, गेर नको बदलू!”

दांडा पहिल्यातून सुटला. मध्ये क्षणभर मोकळा राहिला, दम खाल्ला, आणि अलगद दुसऱ्यात पडला. दात खाल्ला नाही.

“सावकाश जेवा,” गोजराबाई डावीकडे न बघता म्हणाली. “घाई नाई.”

तिने पुन्हा क्लच दाबला. तनुजा पुढे वाकली आणि तिने आईच्या खांद्यावरून पाहिलं.

दांडा दुसऱ्यातून निघाला, थांबला, तिसऱ्यात गेला.

आईचे दोन्ही हात, हळदीने पिवळे झालेले, स्टेअरिंगवर घट्ट होते.