ठमीची दोरी

नखांचा आवाज होता तो. फरशीवर कुत्रं चालताना येतो तसा. टक, टक, टक... मध्येच थांबणारा. माझ्या दाराबाहेरच्या जिन्यावर मी तो ऐकला, त्याला आता बारा वर्षं होतील. जिन्यावर कुत्रं नव्हतं.

ही गोष्ट मी कुणाला सांगत नसे. गेल्या शनिवारी सांगावी लागली. जेवणं उरकली होती, दहाला थोडा वेळ होता. आमच्या इमारतीच्या पायऱ्यांवर पोरं गप्पा मारत बसली होती. माझी नात होती, वरच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरचा चष्मेवाला मुलगा होता, आणखी दोघं-तिघं. मी कोपऱ्यात माझ्या खुर्चीवर. बोलता बोलता चष्मेवाला उठला आणि खांबवाल्याची नक्कल करू लागला.

खांबवाला म्हणजे रोज रात्री आमच्या रस्त्याने जाणारा एक माणूस. एक मूठ पुढे धरून चालतो आणि दिव्याचा प्रत्येक खांब आला की थांबतो. थोडा वेळ वाट बघतो, मग पुढे जातो. चष्मेवाल्याने नक्कल हुबेहूब केली. पोरं पोट धरधरून हसली.

मी म्हणालो, "तो माझा भाचा आहे."

हसणं बंद झालं. चष्मेवाला मूठ तशीच पुढे धरून उभा राहिला.

"सख्खा?" नातीने विचारलं.

"माझ्या बहिणीचा मुलगा. सख्ख्याहून सख्खा."

"मग आजोबा, तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही. बसा. तो यायला अजून अवकाश आहे."

मग मी सांगितलं, ते असं.

माझा भाचा कुत्री फिरवायचा. स्वतःचा धंदा. मालक नाही, साहेब नाही. लोकांना कुत्री पाळायची हौस असते आणि ती फिरवायचा कंटाळा असतो. दोन्हीच्या मधल्या जागेत आमच्या या गड्याने आपलं दुकान मांडलं. सकाळी त्याच्या हातात दोऱ्यांचा जुडगा असायचा आणि पुढे सगळी वरात. डॉक्टरांचा उंच कुत्रा मान वर करून चालायचा, जसा काही तोच दवाखाना चालवतो. किराणावाल्याची जाडी कुत्री भर रस्त्यात बसकण मारायची. तिच्यासाठी सगळ्यांना थांबावं लागायचं. मी म्हणायचो, "अरे, कामधंदा कर काहीतरी." तो म्हणायचा, "मामा, हीच गिऱ्हाइकं बरी. चावली तरी मागून नाही चावत."

त्याचा एक नियम होता. दोरी माणसाच्या हातातून घ्यायची आणि माणसाच्याच हातात द्यायची. दाराच्या कडीला अडकवून निघायचं नाही, खाली ठेवायची नाही. सुरुवातीला एकदा त्याने घाईघाईत एक पिल्लू फाटकाला बांधलं होतं. ते गळपट्ट्यातून मान काढून रस्त्यावर गेलं. तेव्हापासून हा नियम. दार उघडायला कितीही वेळ लागो, हा उभा राहायचा. समोरच्याची बोटं दोरीवर मिटली की मगच आपली मूठ सोडायचा.

त्याच्या गिऱ्हाइकांत एक म्हाताऱ्या बाई होत्या. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, त्यात डोळे गेले. तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. त्यांची कुत्री ठमी. बुटकी, गोल, तपकिरी. दिवसभर शिलाईच्या मशीनखाली झोपायची. भाचा रात्री तिला शेवटचं फिरवून आणायचा, मग बाई झोपायच्या. रोजचा क्रम.

पुढे ठमी म्हातारी झाली आणि मेली. भाच्यानेच तिला पुरलं. बाईंना सांगितलं, त्या रडल्या. आणि दुसऱ्या दिवशी विसरल्या. डोळ्यांबरोबर आठवणही विरत चालली होती त्यांची. रात्र झाली की दोरी हातात घेऊन दारात उभ्या. "का रे आला नाही अजून? ठमी खोळंबलीय." परत सांगितलं तर परत तेवढंच रडायच्या, जणू पहिल्यांदाच ऐकतायत.

त्यांची मुलगी परगावी असायची. तिने फोनवर भाच्याला विनवलं. "दादा, रोज रोज आईला ते नव्याने ऐकवू नका. नुसती दोरी घेऊन जा, एक फेरी मारा, परत आणून द्या. तिला झोप लागते तेवढ्याने."

चष्मेवाला मध्येच म्हणाला, "म्हणजे रिकामी दोरी फिरवायची? आजोबा, असली नोकरी मला बघा ना कुठेतरी."

"बघतो हं," मी म्हटलं. "आधी ऐक."

भाचा तयार झाला. मऊ मनाचा पहिल्यापासून. रोज रात्री तो जिना चढायचा. बाई दोरी त्याच्या हातात द्यायच्या. टोकाला गळपट्टा, बक्कल लावलेलं, आत मान नाही. बाई म्हणायच्या, "ओढू देऊ नकोस हं तिला." तो म्हणायचा, "नाही, आजी." मग गळपट्टा पायऱ्यांवर आपटू नये म्हणून उचलून घ्यायचा, एक फेरी मारायचा आणि परत यायचा. बाई हाताने चाचपून दोरी घ्यायच्या आणि वाकून हवेत हात फिरवायच्या. जिथे ठमीचं डोकं असायचं ना, बरोबर तिथे.

लोक हसायचे त्याला. कुत्र्याशिवाय दोरी घेऊन चाललाय म्हणून. मग लोकांना दाखवायला तो मूठ पुढे धरून चालू लागला, कुत्रं ओढतंय असं. खांबापाशी थांबू लागला. गंमत म्हणून. आधी गंमत म्हणूनच.

त्याच हिवाळ्यात त्याला मुलगी झाली होती. घरात पाळणा टांगलेला. कधी एकदा शेवटची फेरी संपते आणि घरी पोचतो, असं व्हायचं त्याला.

ती रात्र डिसेंबरातल्या शेवटच्या शनिवारची. थंडी होती. साडेनऊच्या सुमाराला बाईंनी त्याच्या हातात दोरी दिली. म्हणाल्या, "आज लवकर आण रे तिला. मला फार झोप येतेय."

तो खाली उतरला. रस्ता रिकामा. त्याने मनगटाला दोरीचे दोन वेढे घेतले, सवयीने. गळपट्टा खाली सोडला. पहिल्या खांबापाशी गमतीने थांबला.

पुढे पाऊल टाकलं.

दोरी आली नाही.

त्याला वाटलं, कशात तरी अडकली. मागे वळून बघितलं. गळपट्टा जमिनीवर नव्हता. वीतभर वर होता. हवेत. ताठ.

आणि मग खांबापाशी जे काय होतं, त्याचं हुंगून झालं असावं... कारण दोरी सैल पडली. आणि पुढे ओढू लागली.

नातीने माझी बाही धरली. मी थांबलो. ती म्हणाली, "नाही, सांगा."

तो ओरडला नाही. ओरडून काय सांगणार? मनगटावर दोन वेढे. सोडवायला गेला तर ओढ वाढायची. उभा राहिला तर ओढ वाढायची. चालला, तेवढंच बरं वाटायचं. तर तो चालला. गल्लीच्या टोकाला नेहमी वळतो तिथे वळू दिलं नाही. पुढे नेलं. बंद दुकानांवरून. शाळेच्या भिंतीवरून. पुन्हा त्याच गल्लीत. पुन्हा त्याच दुकानांवरून. प्रत्येक खांब. प्रत्येक खांबाला थांबणं. बाईंची इमारत आली की दोरी बाजूला खेचायची. आत जाऊच देईना.

किती फेऱ्या झाल्या त्याला माहीत नाही. मग एकदम, इमारतीसमोर, दोरी ढिली पडली.

तो धावत जिना चढला. एकच विचार होता, दोरी बाईंच्या हातात द्यायची आणि घरी जायचं.

दाराला कुलूप.

शेजारीण बाहेर आली. तिचे डोळे लाल. म्हणाली, "होता कुठे तुम्ही? तुम्ही खाली गेलात आणि त्या दारातच कोसळल्या. गाडीत घातलं, पण... दवाखान्यापर्यंत नाही पोचल्या."

भाचा उभाच. दोरी हातात.

"ही घेता का?" त्याने विचारलं.

शेजारीण म्हणाली, "ठेवा की तिथेच कडीला. आता काय तिचं."

आणि त्याने नियम मोडला. वेढे सोडवले, अगदी सहज सुटले. दोरी दाराच्या कडीला अडकवली. रिकामे हात घेऊन खाली आला.

रस्त्यावर आला...

आणि मूठ पुढे ओढली गेली.

दोरी वर होती, कडीला. त्याच्या हातात काही नव्हतं. तरी मनगटावर दोन वेढे. जाणवणारे. आवळणारे.

घरी गेला असता तर ते घरी आलं असतं. पाळण्यापाशी. म्हणून तो घरी गेला नाही. माझ्याकडे आला.

मी जागाच होतो. आधी तो आवाज ऐकला. टक, टक, टक, जिन्यावरून वर. मग दार वाजलं. उघडलं. भाचा उंबऱ्याबाहेर. थंडीत घामाने भिजलेला.

"अरे, आत ये."

"नाही मामा. आत नाही येत. दार अर्धंच ठेवा."

तिथेच उभा राहून त्याने सगळं सांगितलं. मग म्हणाला, "हातातून हातात द्यायची असते ना, मामा. कुणी घेतली तर सुटेन मी." आणि मूठ माझ्यापुढे केली. "जरा धरता का..."

मी हात पुढे केलाच होता. तो काय, किंवा तुम्ही काय, कुणी म्हटलं की जरा धर, तर माणूस हात पुढे करतोच.

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. आणि मूठ पाठीमागे लपवली. लहानपणी खाऊ लपवायचा तशी.

"नको. तुम्ही नका," म्हणाला. आणि जिना उतरला. त्याच्या पुढे पुढे तो आवाज. टक, टक, टक.

मी बोलायचा थांबलो.

"मग?" चष्मेवाल्याने विचारलं. आवाज बारीक झाला होता त्याचा.

"मग हेच. दिवसा काही नसतं. दिवसा घरी असतो, जेवतो, पोरीचा अभ्यास घेतो, गोदामात ओझी उचलतो. कुत्र्यांचा धंदा सुटला. कुत्री त्याला बघितलं की जमिनीला पोट लावतात. दिवे लागायच्या आत घरातून निघावं लागतं. बायकोला सांगितलंय रात्रपाळी आहे. तिला खरं काय ते कळलंय की नाही, देव जाणे. डबा भरून देते बिचारी, विचारत नाही. बारा वर्षांत तो एकदाही रात्री घरात झोपलेला नाही."

"कुणाला तरी देऊन टाकायची की," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. "इतकी माणसं आहेत गावात. कुणाच्याही हातात."

"हो. एवढंच तर करायचं आहे. रस्त्यात कुणालाही म्हणायचं, जरा धरा. तो म्हणाला नाही. एकदाही."

नात हळूच म्हणाली, "आजोबा, आज का सांगितलंत?"

त्या सकाळी भाच्याची मुलगी आली होती माझ्याकडे. सातवीत आहे आता. म्हणाली, आजोबा, सगळ्यांचे बाबा रात्री घरी असतात. मला ताप आला तरी माझे नसतात. तुम्ही सांगा ना त्यांना, एक रात्र. फक्त एक.

मी नातीला एवढंच म्हणालो, "मला हल्ली रात्री झोप लागत नाही. बसूनच असतो. बसण्याऐवजी चाललो तर काय बिघडलं?"

तिला कळायला क्षण लागला. मग तिने माझी बाही दोन्ही हातांनी धरली. "आजोबा... नाही."

तेवढ्यात तो आला.

वळणावर दिसला. पहिल्या खांबाला थांबला. मग दुसऱ्या. पोरांनी हात पोटाशी घेतले. चष्मेवाल्याने काखेत दडवले.

आमच्यासमोर खांब आहे. तो तिथे थांबला. केस पिकलेत त्याचे. मूठ पुढे. मनगटावर कातडी काळी पडलेली, दोन वेढ्यांच्या जागी.

मी उठलो. नातीची बोटं एकेक करून सोडवली. पायऱ्या उतरलो. त्याच्यापुढे जाऊन हात पसरला.

"दे," मी म्हणालो. "घरी जा. पोर वाट बघतेय."

मूठ पुढे आली. थोडी. अजून थोडी. बोटं उघडू लागली...

माझ्या तळहाताला काहीतरी लागलं. गार. ओलं. एकदा. मग पुन्हा, हलकेच, हुंगून ओळख काढावी तसं.

त्याने ते पाहिलं असावं. मी दचकलो, ते चेहऱ्यावर दिसलं असेल. त्याने मूठ झटकन मिटली. छातीशी ओढली. मग दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घ्यावी, तशी ती ओढ दुसऱ्या हातात घेतली. माझ्यापासून लांबच्या हातात.

"अरे..." मी म्हणालो. "ऐक माझं. बाळा..."

मागून मोबाईलचा उजेड पडला. नात खाली आली होती. तिने माझा हात उजेडात धरला. तळहात ओला होता, मनगटापर्यंत. ती ओढणीने पुसायला गेली. मी मूठ मिटून घेतली.

तो पुढच्या खांबापाशी पोचला होता. थांबला. वाट बघितली. एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं, आणि चालू लागला.