दाराच्या चौकटीतली खाच

ही घडलेली गोष्ट आहे. ऐकून कुणी हसलं तरी चालेल. त्या घरातलं मात्र कुणी हसत नाही.

जर्मनीतलं नदीकाठचं एक छोटं गाव. एकोणीसशे एक्क्याऐंशीचा डिसेंबर. तेव्हा घरोघर कोळशाच्या शेगड्या असायच्या, आणि अंधारून आलं की सगळ्या गल्लीला त्या धुराचा वास यायचा. अजून आठवतो तो वास. तशाच एका संध्याकाळी, दिवेलागणीला, हे झालं.

उल्रिके तेव्हा दहावीत होती. आईवडील कारखान्यात. शाळा सुटली की घरी ती आणि तिची आजी हेडविग, दोघीच. आजीवर तिचा फार जीव. आजी पानाशी बसल्याशिवाय तिला घास उतरायचा नाही.

त्या दिवशी लेन्झ मास्तर वर्गाला गावातल्या संग्रहालयात घेऊन गेले होते. पूर्वी ते ज्यू लोकांचं प्रार्थनाघर होतं. नंतर तिथं धान्य भरायचे. आता भिंतींवर फोटो होते... महायुद्धात आगगाडीत कोंबून पूर्वेकडे नेलेल्या ज्यू गावकऱ्यांचे. छावण्यांतून त्यांच्यातलं कुणीच परत आलं नाही.

पोरं कंटाळली होती. मागं कोपरखळ्या चालल्या होत्या.

एका फोटोपाशी उल्रिके थबकली.

दारात उभी एक मुलगी. तिच्याच वयाची. चौकटीवर तिरक्या बसवलेल्या छोट्या डबीला बोटं टेकवलेली.

मास्तर सांगत होते, ही रूथ काट्झेनश्टाइन. डबीत धर्मवचनांची गुंडाळी असते. घरात येता-जाता हे लोक तिला हात लावून बोटं ओठांना टेकवत. डबी उपटून काढली तरी लाकडात खाच राहते.

"हे तर आमचं दार," उल्रिके बोलून गेली. "त्या खाचेत आजीनं थर्मामीटर बसवलाय."



मागून वर्गातला टॉर्स्टन म्हणाला, "मग झोपतेस कुणाच्या पलंगावर, राणीसरकार?"

सगळा वर्ग हसला.

मास्तरांनी त्याला दटावलं नाही. ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना ठाऊक असावं. गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं, एक तिला सोडून.

घरी आली तेव्हा बाहेर बर्फ पडत होता. आजी बटाटे सोलत होती. उल्रिकेनं दप्तरही न ठेवता विचारलं. तिला एवढंच ऐकायचं होतं, की यात आजीचा हात नाही.

आजीची सुरी थांबली नाही. घर नगरपालिकेनं दिलं, ती म्हणाली. रिकामं होतं. आम्ही नसतं घेतलं तर दुसऱ्या कुणी घेतलं असतं.

"आणि ती मुलगी?"

"ती आली होती गं परत. कुठं लपली होती कुणास ठाऊक. असाच बर्फ पडत होता. दार वाजवत बसली. नाव घेऊन हाका मारत होती मला, ओळखीची ना."

"मग?"

"मग काय. या घरात दार उघडत नाहीत, म्हटलं आतूनच. सकाळी पोलीस घेऊन गेले."

आजीनं सालं गोळा केली.

"अजून वाजवते कधीमधी. डिसेंबरात. आवाज बदलून हाका मारते. एकदा तुझ्या आजोबांच्या आवाजात मारली, ते जाऊन वर्ष झाल्यावर. तुला ऐकू आलं तर उठायचं नाही. कळलं?"

आणि बादली घेऊन ती कोळसा आणायला अंगणात गेली. तिच्यामागं पुढचं दार ओढलं गेलं. तिथली दारं ओढली की बंदच होतात. बाहेरून किल्लीच लागते.

उल्रिके टेबलाशी बसून राहिली. शेगडीत कोळसा तडतडत होता... मग तोही थांबला.

टक... टक... टक.

"उल्रिके, उघड गं. किल्ली विसरले बघ."

आजीचा आवाज. हुबेहूब.

उल्रिके उठली नाही.

पुन्हा टकटक. आता जोरात.

"पाय घसरला गं माझा. उठवत नाही. लवकर ये, बाळा."

खरंच आजी असली तर?

ती उठली. दाराशी गेली. मुठीवर हात ठेवला...

आणि तिच्या कानाशी, घराच्या आतून, कुणीतरी शांतपणे म्हणालं...

"या घरात दार उघडत नाहीत."

मुलीचा आवाज. त्यात राग नव्हता. पाठ केलेला धडा म्हणून दाखवावा, तसा.

उल्रिकेचा हात आपोआप खाली आला. ती परत जाऊन बसली.

बाहेर बराच वेळ टकटक चालू होती. मग नखांनी लाकूड ओरबाडल्यासारखं काही... मग नुसता बर्फ.

आईवडील पाळी संपवून आले तेव्हा आजी पायरीवर होती. दाराला पाठ टेकून बसलेली. कंबर मोडलेली, डोळे उघडे.

डॉक्टर म्हणाले, थंडीनं गेली.

हाका सगळ्या गल्लीला ऐकू आल्या होत्या. समोरची क्युमेलबाई अंत्यविधीनंतर केक खाता खाता म्हणालीसुद्धा, की आम्हाला वाटलं, घरात माणूस आहे, बघेल.

उल्रिके आज स्वतः आजी झाली आहे. राहते त्याच घरात. तिच्याकडे जायचं तर मागच्या दारानं जावं लागतं. पुढचं वाजवलं तर आतून पावलं येतात. अगदी दारापर्यंत... आणि तिथंच थांबतात.

घरात उल्रिके एकटीच असते.

पावलं दोघींची असतात.